रोडमॅप भरगच्च, दिशा मात्र सापडत नाही: प्रॉडक्ट सांभाळणाऱ्यांचा सल्ला हवा आहे

वाटाड्या

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहूनच टाकतो.

मी ९ वर्षं डेव्हलपर होतो, मग ३ वर्षं एका टीमचा प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे काय बनवायचं आणि का हे बघणारा. गेल्या ८ महिन्यांपासून तीन टीम माझ्याकडे आहेत, मिळून २१ माणसं. आमचं सॉफ्टवेअर कारखान्यांतल्या यंत्रांच्या देखभालीसाठी आहे. कुठलं यंत्र कधी बंद पडलं, दुरुस्ती कोणी केली, पुढची तपासणी कधी, कुठला सुटा भाग संपत आलाय, हे सगळं त्यात राहतं.

मागच्या वर्षी रोडमॅपवर, म्हणजे करायच्या कामांच्या आराखड्यात, ३७ गोष्टी होत्या. त्यातल्या ३१ आम्ही पूर्ण केल्या, बहुतेक वेळेवर. वरिष्ठांनी कौतुक केलं. आणि त्याच वर्षी करार न वाढवता सोडून जाणारे ग्राहक आधीच्या वर्षापेक्षा जास्त निघाले.

मागच्या आठवड्यात पुढच्या तिमाहीचं नियोजन मांडत होतो. माझ्या सगळ्यात अनुभवी टीम लीडनं शांतपणे विचारलं, "या यादीतलं एकेक काम कुणीतरी मागितलंय हे कळलं. पण सगळं झाल्यावर आपण कुठे पोचलेलो असू?" मी दोन-तीन वाक्यं बोललो, पण ती माझी मलाच पटली नाहीत. मीटिंग पुढे सरकली. तो प्रश्न मात्र अजून माझ्यासमोर तसाच उभा आहे.

तर विचारायचं आहे ते असं. स्ट्रॅटेजी म्हणजे नेमकं काय, आणि ती रोडमॅपपेक्षा वेगळी कशी ओळखायची? आणि ज्यांना सल्ले द्यायचे, दिशा दाखवायची, पण ज्यांच्या पगारवाढीवर किंवा कामाच्या वाटपावर आपला थेट हात नाही, अशा लोकांचं नेतृत्व कसं करायचं? सविस्तर लिहिलंत तर उपकार होतील.

---

जुनाजाणता

तुमच्या टीम लीडला जपा. असा प्रश्न भर मीटिंगमध्ये विचारणारी माणसं फार नसतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नावर माझं मत सांगतो. रोडमॅप म्हणजे कामांचा क्रम. स्ट्रॅटेजी त्याच्या आधी येते: आपल्यासमोरची खरी अडचण कोणती हे ओळखणं, ती सोडवायचा एक मार्ग निवडणं, आणि त्या मार्गावर नसलेल्या चांगल्या गोष्टीसुद्धा सोडून देणं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. वाईट कल्पना नाकारायला कुणाचीच हरकत नसते. कस लागतो तो चांगली कल्पना बाजूला ठेवताना.

२००७ सालचा पहिला आयफोन आठवा. त्यात मजकूर कॉपी करून दुसरीकडे टाकायची सोय नव्हती. बाहेरच्यांनी बनवलेली ॲप घ्यायची सोय नव्हती, ॲप स्टोअर २००८ मध्ये आलं. थ्रीजीसुद्धा नव्हतं. कॉपी-पेस्ट यायला २००९ उजाडलं. तेव्हाच्या बऱ्याच स्मार्टफोनशी फीचरची यादी ताडून पाहिली असती तर तो मागासलेलाच ठरला असता. पण बोटानं चालणारा पडदा आणि खऱ्या संगणकावर दिसतं तसं वेबपान दाखवणारा ब्राउझर या गोष्टींत त्यांनी कसर ठेवली नाही. कॉपी-पेस्ट नकोच होतं असं नाही. त्या वर्षी ते नको, असं ठरलेलं होतं.

एक प्रश्न विचारतो. मागच्या वर्षात तुम्ही मुद्दाम नाकारलेल्या आणि नाकारण्याचं कारण आजही सांगता येईल अशा किती गोष्टी आहेत?

---

वाटाड्या

जुनाजाणता, तुमचा प्रतिसाद वाचून बॅकलॉग, म्हणजे बाकी कामांची यादी, उघडून बसलो होतो. राहून गेलेल्या सहा गोष्टी आहेत. पण सगळ्या "वेळ पुरला नाही" म्हणून राहिल्यात. कारणासकट नाकारलेली एकही नाही.

---

उंबरठा

मी सेल्समध्ये आहे, त्यामुळे इथे थोडा वेगळा सूर लावतो. अशा चर्चा वाचल्या की वाटतं, प्रॉडक्टवाल्यांच्या लेखी आम्ही म्हणजे नको ती आश्वासनं देऊन येणारे लोक. पण 'नाही' ऐकल्यावर ग्राहकाच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते आम्हीच बघतो. "हे आमच्या स्ट्रॅटेजीत बसत नाही" हे वाक्य ग्राहकासमोर म्हणून बघा एकदा. त्याला तुमच्या स्ट्रॅटेजीशी काय घेणं-देणं?

तरीही एक अनुभव सांगतो, कारण त्यानं माझी काम करायची पद्धत बदलली. आमचं सॉफ्टवेअर खरेदीच्या मंजुरीचं होतं. एका मोठ्या ग्राहकानं अट घातली: मोबाइलवरून मंजुरी हवी, तर करार. मी होकार देऊन आलो. आमची प्रॉडक्ट मॅनेजर चिडली नाही. तिनं मला एवढंच विचारलं, "मोबाइलवर मंजुरी नसल्यामुळे त्यांचं शेवटचं काय अडलं, आणि कधी?" मला सांगता आलं नाही. म्हणून तिनं मला बरोबर घेऊन ग्राहकाला फोन लावला. कळलं असं, की मंजुरी देणारे साहेब रजेवर गेले की खरेदी आठवडाभर लटकते. रजेवरचा माणूस मोबाइलवरही मंजुरी देणार नव्हता! त्यांना हवं होतं ते रजेच्या काळात अधिकार दुसऱ्याकडे सोपवायची सोय. काही दिवसांचं काम निघालं. करार झाला. मोबाइलचं त्या ग्राहकानं पुन्हा कधी विचारलं नाही.

तेव्हापासून मी मागणी लिहून आणत नाही, प्रसंग लिहून आणतो: काय घडलं, कुणाचं अडलं, मग त्यांनी काय केलं. वाटाड्या, सेल्सला बैठकीबाहेर ठेवू नका. आम्हाला प्रश्न शिकवा. आम्ही दिवसाला जितक्या ग्राहकांशी बोलतो तितक्यांशी तुम्ही महिन्यातही बोलणार नाही.

---

कोडघर

उंबरठा यांच्या प्रतिसादाला +१. तो शेवटचा परिच्छेद आमच्या ऑफिसात छापून लावावासा वाटतोय.

आता डेव्हलपरच्या बाजूनं. आमच्याकडे तिकीट, म्हणजे एकेका कामाची लेखी मागणी, येतं ते उत्तरासकट: "या पानावर इथे बटण द्या, दाबल्यावर हे उघडावं." प्रश्न कुठेच लिहिलेला नसतो. मग आम्ही बटण देतो. कधीकधी तीच अडचण डेटाबेसमधल्या एका छोट्या बदलानं कायमची गेली असती, पण अडचण काय आहे हे सांगितलंच नाही तर आम्हाला सुचणार कसं? माझ्या मते टेक टीमचं नेतृत्व इथूनच सुरू होतं. अडचण टीमच्या हातात द्यायची, उत्तर त्यांच्यासोबत बसून शोधायचं.

दुसरी गोष्ट तांत्रिक कर्जाची. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरनं १९९२ मध्ये ही उपमा दिली. घाईत केलेलं काम म्हणजे उसनवारी, लवकर फेडली तर फायद्याची, नाहीतर पुढच्या प्रत्येक कामावर व्याज. प्रॉडक्ट मॅनेजरना वाटतं हे डेव्हलपरांचं नीटनेटकेपणाचं वेड आहे. त्यांनी नाइट कॅपिटलचं प्रकरण वाचावं. ही शेअर व्यवहार करणारी अमेरिकी कंपनी. जुलै २०१२ च्या अखेरीस त्यांनी नवा कोड चढवला. ८ सर्व्हरपैकी एकावर तो चढलाच नाही. नव्या कोडमध्ये एक जुना फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला होता, आणि त्या एका सर्व्हरवर तोच फ्लॅग कित्येक वर्षं वापरात नसलेला जुना कोड जागा करत होता. १ ऑगस्टला तो वापरात आला आणि बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४० कोटी डॉलरहून जास्त बुडाले. स्वतंत्र कंपनी म्हणून ती टिकली नाही, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. वापरात नसलेला कोड काढून टाकणं हे काम कुठल्याच रोडमॅपवर वर येत नाही, कारण ते कुठल्याच ग्राहकानं मागितलेलं नसतं. ते वर आणायची जबाबदारी कुणाची? माझ्या मते प्रॉडक्ट आणि इंजिनिअरिंगची मिळून.

वाटाड्या, तुमच्या तीन टीम कशा वाटलेल्या आहेत? मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञांनी १९६८ मध्ये मांडलं होतं, की संस्थेतल्या संवादाची जशी रचना असते, तशीच तिनं बनवलेल्या प्रणालीची रचना होते. तुमचं सॉफ्टवेअर कुठे उसवतं ते तुमच्या टीमच्या हद्दी बघून सांगता येईल, असा माझा अंदाज आहे.

---

वाटाड्या

कोडघर, एक टीम मोबाइल ॲपची, एक वेबची, एक सर्व्हर आणि डेटाची.

हे टाइप करतानाच लक्षात आलं. आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार अशी: तंत्रज्ञ मोबाइलवर दुरुस्तीची नोंद करतो आणि सुपरवायझरला वेबवर ती वेगळीच दिसते किंवा उशिरा दिसते. दर वेळी मोबाइलवाले म्हणतात आमच्या बाजूनं पाठवलंय, वेबवाले म्हणतात आम्हाला मिळालं ते दाखवलंय, सर्व्हरवाले लॉग दाखवतात. तिघंही खरं बोलत असतात. दुरुस्तीची नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट पोचणं हे काम मात्र कुणाचंच नाही.

---

अर्धविराम

मी या क्षेत्रात नवीन आहे, दीड वर्षच झालं. वाटाड्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवं आहे. सगळे म्हणतात प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे प्रॉडक्टचा सीईओ. पण सीईओ माणसं नेमतो, काढतो, बजेट ठरवतो. माझ्याकडे यातलं काहीही नाही. रिलीज चुकली की उत्तर मात्र मी द्यायचं. हे असंच असतं का, की माझ्या कंपनीतच काहीतरी चुकतंय?

---

जुनाजाणता

अर्धविराम, असंच असतं, आणि या भूमिकेच्या जन्मापासून असंच आहे. १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय नावाचा एक तरुण कॅमे साबणाच्या जाहिरातींचं काम बघायचा. त्यानं वरिष्ठांना एक टिपण लिहिलं: प्रत्येक ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारी माणसं नेमा. कुठल्या भागात खप पडलाय ते त्यांनी जाऊन बघायचं, कारण शोधायचं, उपाय ठरवायचा, तो लागू पडला का हेही तपासायचं. कारखाना त्यांच्या हाताखाली नव्हता, विक्री विभागही नव्हता. तरी जबाबदारी त्यांचीच. प्रॉडक्ट मॅनेजरचं मूळ बहुतेक लोक या टिपणातच दाखवतात.

अधिकार नसताना लोक आपलं का ऐकतात? माझ्या अनुभवात दोन कारणांनी. एक, तुम्हाला ग्राहकाबद्दल खोलीतल्या इतर कुणाहीपेक्षा जास्त माहिती असते. दोन, तुमच्या निर्णयामागचं कारण लोकांना आधीपासून माहीत असतं, त्यामुळे तुम्ही हजर नसतानाही ते तसाच निर्णय घेऊ शकतात. 'प्रॉडक्टचा सीईओ' हा शब्द विसरून जा. त्या शब्दानं नव्या लोकांचं फार नुकसान केलंय. हुकूम द्यायला जातात आणि मग कुणी ऐकत नाही म्हणून खचतात.

---

निळी शाई

मी युजर रिसर्च करते. वाटाड्या, एक गोष्ट उद्याच सुरू करा: सोडून गेलेल्या ग्राहकांशी बोला. टिकलेले ग्राहक तुम्हाला फीचर सांगतात, गेलेले कारण सांगतात. आणि करारावर सही करणाऱ्यांपुरतं थांबू नका, प्रत्यक्ष वापरणाऱ्यांपर्यंत पोचा. तुमच्या बाबतीत ते म्हणजे हाताला ग्रीस लागलेले तंत्रज्ञ.

"तुम्हाला काय हवंय?" हे विचारूच नका. त्यावर लोक कल्पनेतलं बोलतात. "शेवटचं यंत्र बंद पडलं तो दिवस पहिल्यापासून सांगा" असं म्हणा आणि गप्प बसा. कुठे कागद आला, कुठे फोन केला, कुठे तुमचं सॉफ्टवेअर बाजूला ठेवलं, हे आपोआप येतं. कागद जिथे येतो तिथे तुमचं प्रॉडक्ट हरलेलं असतं.

जमेल तेवढं प्रत्यक्ष जाऊन बघा. टोयोटामध्ये याला 'गेंची गेनबुत्सु' म्हणतात, म्हणजे जिथे काम घडतं तिथे जाऊन खरी वस्तू आणि खरी परिस्थिती बघणं. आणि एकटे जाऊ नका. डेव्हलपरला न्या, टेस्टरला न्या. माझा पन्नास पानांचा अहवाल वाचून जे झालं नाही ते एका डेव्हलपरनं अर्धा तास मागे उभं राहून बघितल्यावर झालेलं मी पाहिलंय. परत येताना गाडीतच तो उपाय सांगायला लागला होता.

---

मोजपट्टी

डेटाच्या बाजूनं थोडं. "३७ पैकी ३१ पूर्ण" हा आकडा तुमच्या वरिष्ठांना आवडला, पण तो फक्त टीम किती राबली हे सांगतो. ग्राहकाचं काय झालं हे त्यात कुठे आहे?

लगेच कुणीतरी ओकेआर सुचवेल, म्हणजे उद्दिष्ट ('ऑब्जेक्टिव्ह') आणि ते गाठल्याचे मोजता येणारे परिणाम ('की रिझल्ट') लिहिण्याची पद्धत. पद्धत चांगली आहे. अँडी ग्रोव्ह यांनी ती इंटेलमध्ये रुजवली आणि जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये ती गूगलमध्ये नेली. पण मी पाहिलेल्या बऱ्याच कंपन्यांत रोडमॅपमधली कामंच उचलून 'की रिझल्ट' म्हणून लिहितात. "अमुक फीचर तिमाहीअखेर रिलीज करणे." यात रिझल्ट कुठे आहे? ते कामच झालं.

आकडा निवडतानाही जपून. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये पतधोरणाबद्दल मांडलेलं निरीक्षण आमच्या क्षेत्रात रोज अनुभवाला येतं: मोजमापालाच लक्ष्य केलं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. तुम्ही 'रोजचे लॉगिन' हे लक्ष्य ठेवलंत तर टीम नोटिफिकेशनचा मारा करेल, लॉगिन वाढतील, तंत्रज्ञ वैतागतील. त्याऐवजी असं काही शोधा: जितक्या दुरुस्त्या झाल्या त्यातल्या किती त्याच दिवशी, तंत्रज्ञानं स्वतः नोंदवल्या? तंत्रज्ञाचं काम खरंच सोपं झाल्याशिवाय हा आकडा हलणार नाही. तरीही त्याच्या जोडीला दुसरा एक ठेवा, उदाहरणार्थ नंतर दुरुस्त कराव्या लागलेल्या नोंदींचं प्रमाण. नाहीतर लोक काहीबाही भरून मोकळे होतील.

आणि आपल्या कल्पनांबद्दल नम्र राहायला मोजणं मदत करतं. मायक्रोसॉफ्टमध्ये रॉन कोहावी यांच्या गटानं नियंत्रित चाचण्यांचे, म्हणजे काही वापरकर्त्यांना बदल देऊन आणि काहींना न देऊन केलेल्या तुलनेचे, निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. ज्या कल्पना चांगल्या म्हणून बनवल्या गेल्या, त्यातल्या साधारण एक तृतीयांशांनीच अपेक्षित आकडा खरोखर सुधारला. बाकीच्यांनी फरक पाडला नाही किंवा नुकसान केलं. तिथे हुशार माणसांची कमी नव्हती. तुमच्या ३१ गोष्टींकडे या नजरेनं बघा.

---

उलटतपासणी

चर्चा चांगली चालली आहे, पण सगळे एकाच दिशेनं माना डोलवताहेत म्हणून विरोधी बाजू मांडतो. 'दिशा ठरवा, नाही म्हणा' हे ऐकायला फार छान. आयफोनचं उदाहरण देता कारण ते चाललं. ठाम दिशा असून आपटलेल्यांचं काय?

नेटफ्लिक्सचं २०११ घ्या. स्ट्रीमिंग हेच भविष्य, ही त्यांची दिशा शंभर टक्के बरोबर होती. त्या जोरावर त्यांनी टपालानं भाड्यानं जाणाऱ्या डीव्हीडी आणि स्ट्रीमिंगचे दर वेगळे केले आणि सप्टेंबरमध्ये जाहीर केलं, की डीव्हीडीचा व्यवसाय क्विकस्टर या वेगळ्या नावाखाली जाईल. म्हणजे एकाच ग्राहकाला दोन साइट, दोन खाती, दोन बिलं. त्या तिमाहीत त्यांचे अमेरिकेतले सुमारे ८ लाख ग्राहक गेले. ऑक्टोबरमध्ये क्विकस्टर सुरू होण्याआधीच रद्द करावं लागलं. किंवा सोनोस ही स्पीकर बनवणारी कंपनी घ्या. मे २०२४ मध्ये त्यांनी ॲप नव्यानं लिहून आणलं. पुढची वाट मोकळी व्हावी म्हणून जुना पाया काढला, कोडघर यांना आवडेल असंच काम. पण अलार्म, गाण्यांची रांग बदलणं अशा रोजच्या वापरातल्या गोष्टी त्यात नव्हत्या, आणि दृष्टिहीन वापरकर्त्यांचे हाल झाले. जानेवारी २०२५ मध्ये सीईओ पायउतार झाले.

दिशा होती, धाडस होतं. ग्राहक मात्र त्या हिशेबातून निसटला होता. वाटाड्यांनी हे सगळं वाचून उद्या जाऊन २० फीचर बंद केली तर जबाबदार कोण?

---

जुनाजाणता

उलटतपासणी, मुद्दा मान्य, आणि वेळेवर आणलात. मी 'नाही म्हणा' म्हटलं ते पुढच्या कामांबद्दल. ग्राहक आज ज्यावर विसंबून आहे ते काढून घेणं हा वेगळाच निर्णय आहे आणि त्याला कितीतरी जास्त पुरावा लागतो. नेटफ्लिक्सच्या बाबतीत मला वाटतं चूक दिशेत नव्हती. कंपनीची अंतर्गत सोय ग्राहकावर लादली गेली. कॉनवेचंच पुन्हा: आत दोन व्यवसाय झाले म्हणून ग्राहकालाही दोन खाती.

वाटाड्या, म्हणून दिशा ठरवलीत की ती एक अंदाज म्हणून लिहा. "आम्हाला वाटतं की अमुक केल्यानं तमुक होईल, आणि इतक्या दिवसांत हे दिसलं नाही तर आम्ही चुकलो." चुकल्याची खूण आधीच लिहून ठेवलेली असली की मागे फिरताना कुणाचा अहंकार आडवा येत नाही.

---

कोडघर

उलटतपासणी, सोनोसचं उदाहरण मला लागलं, पण ते रास्त आहे. पाया बदलायचा आणि वरचं रोजचं चालू ठेवायचं, हे टप्प्याटप्प्यानं करता येतं. जुनं आणि नवं काही काळ शेजारी चालवावं लागतं, त्याचा खर्च आधी मान्य करून घ्यावा लागतो. तो खर्च वाचवायला गेलं की असं होतं.

---

वाटाड्या

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये पाच आठवडे इथे आलो नाही कारण खरोखर काहीतरी करत होतो. झालं ते लिहितो.

सोडून गेलेल्या ११ ग्राहकांशी बोललो. निळी शाई, तुमचंच वाक्य वापरलं: शेवटचं यंत्र बंद पडलं तो दिवस सांगा. एकानंही एखादं फीचर नव्हतं म्हणून सोडलं असं सांगितलं नाही. ११ पैकी ८ जणांच्या गोष्टीत एकच वळण होतं. यंत्र बंद पडतं, तंत्रज्ञ धावतो, दुरुस्ती करतो, नोंद पाळी संपताना कागदावर करतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी कारकून ती सॉफ्टवेअरमध्ये भरतो. म्हणजे ज्याच्यासाठी मोबाइल ॲप बनवलं तो ते वापरतच नव्हता. सुपरवायझरचे आलेख मग शिळ्या, अर्धवट माहितीवर. आम्ही वर्षभर त्या आलेखांना नवे रंग, नवे फिल्टर, नवे रिपोर्ट देत राहिलो. ३१ पैकी १७ कामं रिपोर्टची होती!

एका कारखान्यात प्रत्यक्ष गेलो. मोबाइल टीममधली एक डेव्हलपर आणि एक टेस्टर बरोबर होत्या. तंत्रज्ञानं ॲप उघडून दाखवलं. नोंदीसाठी १४ रकाने आहेत, त्यातले ९ सक्तीचे. तेही हातमोजे घालून भरायचे. नेटवर्क मध्येच गेलं की भरलेलं सगळं पुसलं जातं. तो काहीच तक्रार करत नव्हता. त्यानं खिशातून वही काढून दाखवली आणि म्हणाला, "ही कधी बंद पडत नाही." आमच्या टेस्टरनं ते वाक्य टीमच्या चॅनलवर टाकलं. मी तिमाहीच्या नियोजनात जे तासभर समजावून सांगितलं असतं ते त्या एका ओळीनं झालं.

दिशा आता एका वाक्यात लिहिली आहे: दुरुस्ती जिथे होते तिथेच, ती करणाऱ्यानेच, एका मिनिटात नोंदवावी. खाली लिहिलंय की दोन तिमाहींत त्याच दिवशी होणाऱ्या नोंदी एकूण नोंदींच्या निम्म्यापर्यंत वाढल्या नाहीत तर आमचा अंदाज चुकला असं धरायचं. मोजपट्टी, जोडीचा आकडाही घेतला आहे. रिपोर्टची नवी कामं या काळात बंद. जे रिपोर्ट चालू आहेत त्यांना हात लावलेला नाही, उलटतपासणींचा इशारा लक्षात ठेवूनच.

टीमची वाटणी बदलायचा अधिकार माझ्याकडे नाही. म्हणून इंजिनिअरिंग हेडकडे गेलो, तक्रारींचा तो तिघांत फिरणारा प्रवास कागदावर काढून दाखवला. सध्या तिन्ही टीममधून दोन-दोन जण घेऊन सहा जणांचा एक गट झालाय, फक्त नोंदीच्या प्रवासासाठी. तंत्रज्ञाच्या फोनपासून सुपरवायझरच्या पडद्यापर्यंत सगळं त्यांचं.

अवघड भागही सांगतो. एका ग्राहकाला सेल्सनं कबूल केलेला मोठा रिपोर्ट यादीतून काढावा लागला. त्यांच्याकडे मी स्वतः गेलो, सेल्समधले सहकारी बरोबर होते. त्यांनी ऐकून घेतलं, पण खूश झाले नाहीत. करार राहील की जाईल ते अजून नक्की नाही. तो गेला तर त्याचं उत्तर मी देणार, हे सेल्सला आधीच लेखी कळवलं आहे.

---

उंबरठा

ते शेवटचं वाक्य वाचून एवढंच म्हणेन की असा प्रॉडक्ट मॅनेजर असेल तर मी 'नाही' घेऊन ग्राहकाकडे जायला तयार आहे. आम्हाला भीती नकाराची नसते. नकार दिल्यावर मागे कुणी उभं नसतं, त्याची असते.

---

अर्धविराम

वाटाड्या, खूप शिकायला मिळालं. एक विचारू का? तुमच्या टीम लीडनं तो प्रश्न सगळ्यांसमोर विचारला तेव्हा तुम्हाला राग नाही आला? माझ्या टीममध्ये असं कुणी विचारत नाही. मला आधी वाटायचं म्हणजे सगळं नीट चाललंय.

---

निळी शाई

वाटाड्या उत्तर देतीलच, मध्ये एक सांगते. एमी एडमंडसन या संशोधिकेनं रुग्णालयांतल्या गटांमध्ये औषधांच्या चुकांचा अभ्यास केला होता. त्यांना वाटलं होतं चांगल्या गटांत चुका कमी असतील. आकडे उलटे आले, चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त. पुढे उलगडलं ते असं, की तिथे माणसं चुका बोलून दाखवायला घाबरत नव्हती. यातूनच त्यांनी मानसिक सुरक्षिततेची कल्पना पुढे नेली. अर्धविराम, तुमच्या टीममधली शांतता या नजरेनं एकदा तपासून बघा.

---

वाटाड्या

अर्धविराम, राग आला होता, खोटं कशाला सांगू. दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो. मग हा धागा लिहिला, प्रतिसाद आले, आणि पुढच्या सोमवारी सगळ्यांसमोर सांगितलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आता आपण मिळून शोधू या. त्या दिवसानंतर आणखी तीन जणांनी असेच प्रश्न विचारले. त्यातला एक प्रश्न आमच्या टेस्टरचा होता: रात्रपाळीत ॲप कसं दिसतं हे आपल्यापैकी कुणी पाहिलंय का?

कुणीच पाहिलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं रात्रपाळीला जाणार आहोत. आल्यावर इथे लिहीन.